निरोगी पेशींची प्लेट

बयूमीचाचाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा कुठे डॉक्टर इन्शिराहनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली. प्रयोगशाळेचा हा म्हातारा शिपाई भिंत धरून खाली बसला. कानामागून रक्त वाहत होतं. त्याला ओलांडून शाबान कसाई आत आला, हातात दुकानातला सुरा.

"ते बुरशीचं औषध काढा, डॉक्टरबाई."

"शाबान, ते औषध नाही रे अजून..."

"खोटं बोलू नका! गेटवर एवढं मोठ्ठं लिहिलंय!"

लिहिलं होतंच. खजुराच्या मुळांवरच्या बुरशीनं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी दोन दिवसांत मेल्या, आणि डीनसाहेबांनी लगेच अभिनंदनाचा फलक टांगला, इन्शिराहचा हसरा फोटो छापून. घाई कसली ती! निरोगी पेशींवरची चाचणी तेव्हा व्हायची होती अजून. ती झाल्याशिवाय तोंड उघडू नये, हे ती स्वतःच पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. पण फोटो बघून तिलाही गुदगुल्या झाल्या. गप्प बसली.

शाबाननं सुऱ्याच्या मुठीनं कपाटाची काच फोडली. बाटल्या खाली आपटायला लागला.

"माझी इतिदाल कॅन्सरनं सडतेय हो घरात! बायको आहे ती माझी! सगळीकडून हाकलून दिलं आम्हाला!" त्यानं सुरा इन्शिराहच्या गळ्याला लावला. "कुठली बाटली? बोला!"

 इन्शिराहनं त्याची मानगूट पकडली आणि डोकं मायक्रोस्कोपवर दाबलं.

"बघ! डोळा लाव आणि बघ! या कॅन्सरच्या नाहीत, धडधाकट बाईच्या पेशी आहेत. आज सकाळी निकाल आला. एक जिवंत नाही. सगळ्यांनाच मारतं ते, मूर्खा, आजारी-निरोगी काही बघत नाही!"

शाबान बघत राहिला. मेलेलं कसं दिसतं, हे कसायाला शिकवावं लागत नाही. सुरा त्याच्या हातून खाली पडला.

"मग बयूमीनं दिलेली बाटली?" त्यानं विचारलं.

दारातला म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "दया आली हो बाई. एकच दिली. आज दुसरी मागायला आला, नाही म्हटलं, म्हणून तर मारलं यानं."

इन्शिराहनं शाबानची कॉलर धरली आणि खाडकन थोबाडीत दिली. "कधी पाजलीस? बोल!"

"काल सकाळी." शाबान गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. "पण गुण आला, बाई. खरंच आला. तीन आठवड्यांचा ताप उतरला. आत्ता निघताना हात लावून बघितलं, अंग अगदी गार लागलं. हाक मारली, तरी उठली नाही. किती दिवसांनी शांत झोपलीय."