चार मिलीची फट

फेंडर तिसऱ्यांदा दाराला घासला तेव्हा जावयाने हातातला पाना जमिनीवर आपटला. त्याच वेळी गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरखालून सासरे वाकून आत आले. खांद्याला हत्यारांची जुनी पिशवी.

"त्या पान्याने काय घोडं मारलंय तुझं?" ते म्हणाले.

जावई उभा राहिला. स्टूल पुढे सरकवलं, पुन्हा मागे घेतलं. सोमवारी कोर्टाचा कागद हातात पडला होता. त्या कागदाप्रमाणे तो आता कुणाचा जावई नव्हता आणि हे त्याचे सासरे नव्हते. मग एकमेकांना म्हणायचं काय, ते मात्र कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही... इकडे कसे?"

"फेंडर यायचाय म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

"ते महिन्यापूर्वी."

"मग? आला की नाही?"

आला होता. पुढच्या चाकावरचा तो काळा पत्रा गाडीला नुसता टेकवून ठेवला होता. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्र्याच्या कडेवरून तळवा फिरवला. चाळीस वर्षं डेंटिंगचं काम केलेला तळवा. त्याला डोळ्यांपेक्षा जास्त दिसायचं.

"बाहेरचा आहे," जावई घाईघाईने म्हणाला. "कंपनीचा मिळतच नाही आता. तीन आठवडे नुसता झुंजतोय."

"बाहेरचा म्हणून काही वाईट नसतो. भोकं तेवढी त्यांच्या मर्जीने पाडलेली असतात. बोल्ट ढिले कर सगळे. सगळे म्हणजे सगळे."

दोघे कामाला लागले. सासऱ्यांनी दाराच्या कडेला टेप चिकटवली, गोल कानस घेऊन भोकं लांबट केली, फट सगळीकडे सारखी आहे का बघायला तिच्यात चार मिलीचा ड्रिल बिट धरून वरून खाली नेला. वर तो सैल फिरत होता, खाली अडकत होता. ते कामात गढले होते. जावयाला मात्र एका जागी राहवत नव्हतं. तो दोनदा पाणी पिऊन आला, बाराचा मागितला तर चौदाचा पाना दिला, वॉशरची डबी सांडली आणि गुडघ्यांवर बसून वॉशर गोळा करत राहिला. कशी आहे ती, एवढंच विचारायचं होतं. मध्येच वाटायचं, म्हाताऱ्याने आता उठून जावं. लगेच वाटायचं, जाऊ नये.

"जावईबापू, तो दहाचा..." सासरे सवयीने बोलून गेले.

दोघांचेही हात थांबले.

"दहाचा पाना दे," सासऱ्यांनी वाक्य पुरं केलं.

फेंडर नीट रेषेत आणून सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने दाबून धरला होता, जावई बोल्टचे आटे जुळवत होता, तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

"काढ."

"मी?"

"माझे हात मोकळे आहेत का? सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. काढ आणि कानाला लाव माझ्या."

पडद्यावर 'चिमी' लिहिलेलं होतं, तिचं माहेरचं लाडाचं नाव. जावयाने फोन त्यांच्या कानाशी धरला. हातोड्याच्या आवाजात आयुष्य गेलेले कान, फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो म्हणालात. तिथून फोन आलाय, तुम्ही पोचलाच नाहीत. आहात कुठे?"

जावयाने मान जोरजोरात हलवली. सांगू नका.

"गाडीपाशी," सासरे म्हणाले.

"कोणत्या गाडीपाशी?"

"आपल्या."

जावयाने फोन जरा वळवून पडद्याकडे पाहिलं. फोन ठेवला असावा असं त्याला वाटलं, तेवढ्यात आवाज आला.

"बसला का?"

"कोण?"

"फेंडर हो, बाबा."

"दाराला घासतोय खाली."

"फेंडर नका कापत बसू. दाराची बिजागरी गेलीय. त्याला सांगा, दार उघडून खालून उचलून बघ. मी दर वेळी उचलूनच लावायचे."

फोन हातात तसाच धरून जावयाने दार उघडलं आणि खालून हात घालून उचललं. चांगलं अर्धं बोट वर आलं. सोडलं तसं खाली बसलं. तीन आठवडे तो चांगल्या पत्र्याला कानस मारत होता.

"कधी बोलली नाही," तो पुटपुटला.

"तू कधी बसलास त्या बाजूला?" सासरे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बस. आतून लावून बघ. मी धरलाय फेंडर."

तो आत बसला. या सीटवरून गॅरेज निराळंच दिसत होतं. पुढे स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, हातांना काही कामच नाही. त्याने दार ओढलं. लागलं नाही. जोरात ओढलं. ठणकन आवाज करून ते परत आलं. मग त्याने फोन शेजारच्या, स्टिअरिंगसमोरच्या रिकाम्या सीटवर ठेवला, दोन्ही हातांनी दार उचललं आणि हळूच आत घेतलं.

खट्.

"लागलं का?" शेजारच्या सीटवरून ती म्हणाली.

त्याने बाहेर पाहिलं. सासरे पत्र्याला गाल लावून, डोळे मिटून उभे होते. ते उत्तर देणार नव्हते.

"हो," तो म्हणाला. "लागलं."