ज्वारीचा नकाशा

केतकीने अंगणात नकाशा पसरला. तीन वर्षे विहिरींचे पाणी तपासून, जिथे हाडे वाकवणारे आणि दात डागाळणारे फ्लोराइड सापडले तिथे तिने लाल ठिपके दिले होते. गायरानाची जागा कोरी होती, म्हणून नवी बोअर उद्या तिथेच खोदायची होती.

"मले कागद समजत नाही, माय," गावची सुईण भागीरथा मडावी म्हणाली. "पण इथली पोरं माह्याच हातावर आली." तिने सारवलेल्या जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडले, वाकड्या पायाच्या प्रत्येक माणसामागे एक, त्याच्या घराच्या जागी.

केतकीच्या डोळ्यांदेखत तिचेच ठिपके जमिनीवर उमटत गेले. शेवटी सुईणीने गायरानाच्या जागी सात दाणे ठेवले.

"इथे तर वस्तीच नाही, आजी!"

"होती. पाय वाकले तशी उठली. विहीरही बुजवली. माह्या सासूनं सांगतलं."

विहीर नव्हती, म्हणून तिथले पाणी कुणी तपासलेच नव्हते. केतकीने फोन लावून बोअर थांबवली आणि चपला काढून दाण्यांपाशी बसली.

भागीरथाने सुपातून आणखी मूठभर ज्वारी घेतली. "सरक जराशी. हे तं निस्ते पाय झाले. दात मांडाचे बाकी हायेत."