अक्काचे किलोमीटर

शर्यतीच्या सकाळी शर्वरीची थोरली बहीण घरी आली, ती जिना चढताना तीनदा थांबली. वॉर्डात रोज बारा किलोमीटर चालणारी नर्स ती, आज कठडा धरून उभी होती.

"अक्का, धाप लागली?"

"छे गं, तुझ्या कुंड्या बघत होते."

शर्वरीची नजर तिच्या घोट्यावरच्या निळ्या पट्टीवर गेली. तशीच पट्टी तिच्याही घोट्यावर होती. ऑफिसमुळे शर्वरीला सरावाला आठवड्यात जेमतेम दोन सकाळी मोकळ्या मिळत. त्यांत ती वेग साधायची. लांब पल्ल्याचा दम मात्र अक्काच्या चालण्यातून, पट्टीवाटे, वर्षभर तिच्या पायांत उतरत होता. "माझ्या चालण्याचं काय लोणचं घालायचंय? घे तू," असं अक्काच म्हणाली होती. तिच्याकडे किती उरतंय, हे शर्वरीने कधी विचारलं नव्हतं.

तिने वाकून अक्काची पट्टी ओरबाडून काढली. "परत घे सगळं."

"वेडाबाई, दिलेला दम परत येत नसतो. धाव आता, नाहीतर माझं चालणं फुकट जाईल."

शर्वरी धावली. घाटाच्या चढाला बाकीचे वाकून धापा टाकू लागले. तिचे पाय मात्र दमेचनात. एकदा तरी थका रे, असं ती पायांना विनवत राहिली.