खंडेनवमीचा पाटू

"हा घेऊन जा," ब्रेंडन म्हणाला आणि टॉवेलात गुंडाळलेला पाटू त्याने हरीशच्या हातात ठेवला.

हरीश बघतच राहिला. आयर्लंडमधल्या नावन गावातल्या या शेजारी म्हाताऱ्याकडे माओरी लोकांची जुनी हातशस्त्रं कपाटभर होती. हरीशच्या घरात शस्त्र म्हणायला एक विळी आणि एक ड्रिल मशीन. म्हणून दर खंडेनवमीला पूजेत मांडायला तो ब्रेंडनकडून एखादा लाकडी सोटा मागून आणायचा. हिरव्या दगडाच्या या चपट्या पाटूला मात्र ब्रेंडन कुणाला बोट लावू द्यायचा नाही.

"अहो, पण हा तर..."

"मॉरीनची इच्छा होती."

ब्रेंडनची बायको मॉरीन आठवड्यापूर्वी जिन्यावरून पडून गेली होती. दर दसऱ्याला ती हरीशकडे श्रीखंड-पुरी खायला यायची आणि वाटी चाटूनपुसून साफ करायची. हरीशला भरून आलं. पन्नास वर्षांचा संसार मोडलेला, आता हा एकटा माणूस खचणार, या धास्तीने तो रोज ब्रेंडनकडे फेरी मारत होता.

"आणि नीट धू," ब्रेंडन म्हणाला. "तुमच्या पद्धतीने. दूध, पाणी, सगळं."

एरवी वस्तूला पाण्याचा थेंब लागला, तरी तिचं जुनेपण गेलं म्हणून हाच माणूस आकांडतांडव करायचा. दुःखाने माणूस किती मऊ होतो, हरीशला वाटलं.

नवमीला त्याने पाटू लिंबाने घासला, दुधाने धुतला, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

"ग्रँड दिसतोय अगदी!" त्याची बायको नंदिनी म्हणाली. "मॉरीनआजी असत्या, तर किती खूश झाल्या असत्या."

दसऱ्याला दुपारी बेल वाजली. दारात पोलीसबाई उभी होती.

"शेजारच्या ब्रेंडन यांची एक वस्तू तुमच्याकडे आहे का?"

"आहे ना!" हरीशने मोठ्या कौतुकाने पाटू आणून दाखवला. तिने हातमोजे चढवून तो घेतला.

"धुतलाय?"

"चांगला घासून. दुधाने, लिंबाने. आमच्यात तशी पद्धत आहे."

"कुणी धुतला?"

"मीच. बायकोलाही हात लावू दिला नाही."

तिने ते लिहून घेतलं. मग वही मिटली.

"मॉरीन जिन्यावरून पडल्या नव्हत्या. त्यांच्या डोक्यात दगडाचं काहीतरी घातलं होतं."

हरीशने शेजारच्या घराकडे पाहिलं.

"ब्रेंडनला कळलंय का हे?" त्याने कसंबसं विचारलं. "कोसळेल हो तो बिचारा!"

"त्यांनीच आम्हाला तुमच्याकडे पाठवलं," ती म्हणाली. "मॉरीन गेल्या, त्या सकाळपासून हा त्यांच्या कपाटातून नाहीसा झालाय म्हणे."