मोबाईलच्या दुकानावरून जाणारी वाट

"साहेब, दुसऱ्याच्या फोनात चोरून बघणाऱ्याला शिक्षा करता, का चहा पाजून सोडता?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ज्ञानेश्वरीनं शाळेत मोबाईलच्या सुरक्षिततेवर बोलायला आलेल्या फौजदारांना भर सभेत हे विचारलं, आणि अख्खी दहावी फिदीफिदी हसली. "तक्रार तर कर पोरी, मग बघ," फौजदार म्हणाले.

त्यांनी सभेत दाखवल्याप्रमाणे तिनं घरी आपला फोन तपासला, तर आत छुपं ॲप निघालं. गेल्या साली आई-आप्पा ऊसतोडीला गेले, तेव्हा बोलायला म्हणून घेतलेला हा फोन तिसगावच्या मोबाईल दुकानवाल्या कल्याणदादानंच चालू करून दिला होता. ती त्याला दादा म्हणायची, आणि तो तिचे फोटो बघत, तिचं फोनवर आईजवळचं रडणं ऐकत बसायचा.

"गप बस, तुझंच नाव खराब हुईल," तिची मैत्रीण दिपाली म्हणाली. पण ज्ञानेश्वरी कसली गप बसते? आप्पांना घेऊन ठाण्यात गेली आणि सगळं सांगून आली.

कल्याण दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटला. दुकान उघडलं, गिऱ्हाईक पहिल्यासारखं येऊ लागलं. शाळेची वाट त्याच दुकानावरून जाते. ती दिसली की तो दारात येतो आणि आईपाशी रडताना ती जे बोलली होती, ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवतो.

दसरा झाला. तोडीला जायचा ट्रॅक्टर दारात लागला. आई म्हणाली, "आजीला जप माऊले, आन् अभ्यास कर."



"आप्पा, मुकादमाला सांगा, माझा बी कोयता धरा, मी बी तोडीला येते. मला आता शाळा न्हाई शिकायची."