खिळ्यांचे टायर

फिनलंडमध्ये नर्स असलेल्या डेल्सीने रविवारी दुपारी घरी व्हिडिओ कॉल लावला. वडिलांचं, रोझारियोचं, कोकणात तळेऱ्याला टायरचं दुकान. म्हणून तिने त्यांनाच विचारलं, "पपा, बर्फासाठी खिळ्यांचे टायर घेव काय बिनखिळ्यांचे?"

"बिनखिळ्यांचे पुरे. घर ते हॉस्पिटल, तुका लांब खंय जावचा आसा?"

"मैत्रिणीकडे. दोनशे किलोमीटर, सगळो बर्फ."

"कोणाक इचारून?" मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फटका. फोन खाली पडला. इकडे फोन धरून बसलेल्या आईला, फ्रान्सिस्काला, आता नुसतं छत दिसत होतं. लेकीचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज मात्र तिने बरोबर ओळखला. मग दार आदळलं. डेल्सीने फोन उचलला तेव्हा तिचा ओठ फाटला होता.

"नवरा-बायकोचा ता, आपण मदी पडूचा नाय," रोझारियो म्हणाला. "फोन ठेव."

फ्रान्सिस्काने ठेवला नाही. "खिळ्यांचे घे, बाय. आजच बसव आणि नीघ."

तीस वर्षांत पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली होती. रोझारियोने तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती टेबलावर कोलमडली. तरी फोन तिने हातातून सोडला नाही.

डेल्सी सगळं बघत होती. ओठावरचं रक्त पुसून ती हळूच म्हणाली, "मम्मा, मी बर्फातसून निघतंय. तुझ्या दारात तर डांबरी रस्तो आसा."