वरच्या मजल्यावरची मुलाखत

ऋतिका विद्यापीठात संशोधन करायची आणि हॉस्टेलवर राहायची. दर रविवारी ती धायरीला घरी यायची ती मात्र वरच्या मजल्यावरच्या जयाबाईंची मुलाखत घ्यायला. वरून दोघींचं हसणं ऐकू आलं, की खाली तिची आई शालू भांडी आपटायची.

आज शालूने लेकीला जिन्यातच गाठलं. “त्यांच्याशी तासन् तास बोलतेस. मलाही विचार की चार प्रश्न!”

“तुला काय विचारू? माझा विषय एकट्या राहणाऱ्या बायकांचा आहे, आई.”

“मग? तू गेल्यापासून या घरात माझ्याबरोबर कोण राहतं?”

चपला काढून ऋतिका आत आली, आणि सवयीने तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“ते बंद कर,” शालू म्हणाली, “आणि जेवायला बस.”